त्र्यंबकजवळचं पावसाआधीचं शिबिर : रानात घर असणाऱ्यांनी कराच

गेल्या काही वर्षांत त्र्यंबक, पेठ, इगतपुरीच्या अंगाला नाशिकच्या पुष्कळ लोकांनी जमिनी घेतल्या, घरं बांधली. काहींची वडिलोपार्जित, काहींची निवृत्तीच्या पैशातून उभी राहिलेली. सुट्टीला जायचं, झाडं लावायची, चुलीवरचं जेवायचं, एवढंच तेव्हा डोक्यात असतं. मृगाचा पाऊस लागला की त्याच जागेत विंचू-साप निघतात, विहीर गढूळ होते, वीज गेली तर दोन-दोन दिवस येत नाही आणि ओढ्याला पाणी आलं की रस्ता तुटतो. तेव्हा काय करायचं हे जमीन विकणारा सांगत नाही आणि घर बांधणाराही सांगत नाही. म्हणून या दोन दिवसांच्या शिबिराबद्दल जरा सविस्तर लिहिते आहे.

शिबिराला नाव नाही, फलक नाही. त्र्यंबकहून हरसूलकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत, एका पाड्यालगतच्या वाडीवर ते भरतं. चालवणारी माणसं तीन: वनखात्यातून निवृत्त झालेले एक काका, पाड्यावरच्याच एक मावशी आणि गिर्यारोहण करणारा एक तरुण. मेच्या शेवटी, शनिवार-रविवार. माणशी अडीच हजार रुपये. त्यात चहा-जेवण आणि पडवीत किंवा तंबूत झोपायची सोय. निरोप व्हॉट्सॲपवरूनच फिरतो, मला शेजारच्या वाडीवाल्यांकडून मिळाला.

माझी उभी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून गेली. सासऱ्यांची दीड एकर जमीन आणि कौलारू घर वाघेऱ्याच्या बाजूला आहे, आता ते मी आणि आमचे हे बघतो. त्यामुळे शिकवणारा माणूस औषधपाण्याबद्दल काही चुकीचं बोलला तर मला तिथल्या तिथे कळणार होतं. त्या तयारीनेच गेले होते.

पहिला तास सर्पदंशाचा, आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी. काकांनी आंब्याच्या खोडाला चार चित्रं लावली: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं प्रतिविष या चौघांच्या विषावर चालतं. घाटातल्या झाडोऱ्यात हिरवा चापडा असतो, त्याच्यासाठी हे प्रतिविष बनवलेलं नाही, पण म्हणून दवाखाना टाळायचा नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. साप मारून किंवा पकडून दवाखान्यात आणायची गरज नाही, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बरं केलं. साप शोधण्यात गेलेला अर्धा तास पेशंटच्या आयुष्यातून जातो.

मण्यारीबद्दल ते जे बोलले ते प्रत्येक वाडीवाल्याने पाठ करावं असं आहे. ती रात्री फिरते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही, सूज येत नाही, रक्त येत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि मग श्वास थांबायला लागतो. पोटदुखी म्हणून कुठेतरी ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलेला आणि डोळे उघडेनासे झाल्यावर धावत आणलेला पेशंट मी वॉर्डात पाहिलेला आहे. पावसाळ्यात रानातल्या घरी झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीने उठलं आणि त्याच्या पापण्या खाली येत असतील, तर दंशाची खूण दिसो न दिसो, सर्पदंश समजूनच निघायचं. उपायही साधा आहे: खाटेवर झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची, रात्री बॅटरीशिवाय पाय खाली टाकायचा नाही, आणि सरपण, गोवऱ्या, दगडांचा ढीग घराच्या भिंतीला लावायचा नाही. ढिगात उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो.

पाड्यावरच्या एका माणसाने विचारलं की भगताकडे आधी नेलं तर काय बिघडलं. काकांनी त्याचा पाणउतारा केला नाही. म्हणाले, "दादा, भगताकडे जरूर जा. पण दवाखान्यातून घरी आल्यावर जा." तो माणूस मान हलवून खाली बसला. मी इतकी वर्षं हे समजवायला धडपडले, पण इतक्या सोप्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग प्रत्यक्ष करून दाखवलं. मावशींच्या हाताला चावलंय असं धरलं. आधी बांगड्या, अंगठी आणि मनगटातला काळा दोरा काढला. सूज चढली की हेच आवळून बसतं आणि मग कापायला वेळ लागतो. बांगड्या निघेनात तेव्हा साबणाचं पाणी लावलं. बांबूच्या दोन चिपा हाताला लावून उपरण्याने बांधल्या, त्याही अशा की बांधणीखालून बोट सहज जाईल. दोरी आवळायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. पेशंटला चालवायचं तर अजिबात नाही. एक जाड चादर आणि लांब बांबू घेऊन डोली बांधली आणि मावशींना खरोखर बांधापर्यंत उचलून नेलं. पाड्यांवर रस्ता नसतो तिथे आजही बाळंतिणीला असंच न्यावं लागतं, त्यामुळे मावशींना डोलीबद्दल आमच्यापेक्षा जास्त माहिती होती. चढावर डोकं वरच्या बाजूला ठेवायचं, मागच्या माणसाने पावलं पुढच्याच्या तालात टाकायची, खांदा कधी बदलायचा, हे सगळं त्यांनी झोळीत पडल्या पडल्या सांगितलं.

या तासाला मी माझी भर घातली आणि त्यांनी ती घालू दिली, म्हणून इथेही लिहिते. चावल्याची वेळ लिहून ठेवा. उलटी झाली तर पेशंट डाव्या कुशीवर. 108 ला फोन लावताना दुसऱ्या माणसाने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून प्रतिविष आहे का, ते विचारायचं. रुग्णालयाचा हा नंबर आजच घराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहा. मोबाइलला रेंज वाडीवर नेमकी कुठे येते तेही आधी बघून ठेवा. लहान मुलाला प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाएवढाच लागतो, कारण सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं. डॉक्टर इतक्या बाटल्या देताहेत म्हणून घाबरून मुलाला उचलून घरी आणू नका. असं करणारी माणसं असतात.

दुपारचं जेवण नागलीची भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा आणि झाडावरून उतरवलेले गावठी आंबे. साधं आणि भरपेट. यावर जास्त लिहीत नाही.

दुपारनंतरचा विषय पाणी. त्यातला विहीर शुद्ध करण्याचा भाग अगदी हिशोबाने शिकवला हे मला फार आवडलं, कारण ब्लीचिंग पावडर मूठभर टाकून मोकळं होणारेच जास्त. विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 3.14, भागिले 4: मीटरमध्ये मोजलं की घनमीटर येतात, हजाराने गुणलं की लिटर. वाडीवरची विहीर 3 मीटर व्यासाची, पाणी 4 मीटर, म्हणजे सुमारे 28,000 लिटर. चांगल्या टीसीएल (म्हणजे ब्लीचिंगच) पावडरीचं साधारण प्रमाण 1,000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे 70 ग्रॅम. पावडर थेट विहिरीत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाऊण भरायची, दहा मिनिटं निवळू द्यायचं, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ते दोराने विहिरीत सोडून हिसके द्यायचे. खाली राहिलेला चुना फेकून द्यायचा. निदान तासभर ते पाणी वापरायचं नाही. रात्री टाकून सकाळी उपसलं तर उत्तम. गढूळ पाण्याला जास्त पावडर लागते, म्हणून ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो ती ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायची चाचणी) करून पिवळी झाक बघायची. तुरटी किंवा शेवग्याचं बी फिरवून पाणी नितळ दिसतं, पण नितळ पाण्यातही जंतू असतात, उकळणं सुटत नाही. हा फरक त्यांनी दोन ग्लास शेजारी ठेवून दाखवला.

आता ज्या भागासाठी मी परत पैसे भरीन तो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तीन बांबू, सुतळी आणि एक दगड दिला आणि ए-फ्रेम, म्हणजे उतारावर समपातळीची रेघ शोधायची चौकट, बांधायला लावली. दोन बांबू वरून एकत्र, मधे आडवा बांबू, शेंड्यापासून दगड लोंबकळतोय. जमिनीवर उभी करून दोन्ही पायांखाली खुणा करायच्या, सुतळी आडव्या बांबूवर जिथे टेकते तिथे रेघ मारायची. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करायची आणि दुसरी रेघ मारायची. दोन रेघांच्या बरोबर मधोमध तिसरी, ती आपली पातळी. पाय थोडे लहानमोठे असले तरी या पद्धतीत फरक पडत नाही. मग उतारावर एक पाय रोवून दुसरा वर-खाली सरकवत राहायचं, सुतळी मधल्या रेघेवर आली की तिथे खुंटी. पुन्हा फिरवायची, पुन्हा खुंटी. तासाभरात डोंगरउतारावर खुंट्यांची एक वाकडी ओळ उभी राहते. पाणी मुरवणारे चर या ओळीवरच खोदायचे. डोळ्याला ती चुकीची वाटते, चढ-उतार असल्यासारखी दिसते. काकांनी अशा ओळीवरच्या एका छोट्या चरात पाण्याची घागर ओतली. पाणी कुठेच पळालं नाही. तिथल्या तिथे पसरलं आणि मुरलं. माझ्या शेजारी उभे असलेले एक निवृत्त इंजिनिअर गुडघ्यावर बसून ते बघत राहिले.

चराची माती उताराच्या बाजूला टाकायची, त्यावर वाळा, घायपात किंवा निर्गुडी लावायची, आणि सांडवा आधी ठरवायचा. या शेवटच्या गोष्टीवर काकांचा आवाज चढला. आपला भाग साध्या पावसाचा नाही. त्र्यंबक-इगतपुरीला जुलैत दिवसभर धार लागते, आणि भरलेल्या चरातून पाणी मनाला येईल तिथून बाहेर पडलं तर बांधासकट माती घेऊन जातं. दगड रचलेला सांडवा ठेवला की पाणी ठरल्या वाटेने उतरतं. घराच्या अगदी वरच्या बाजूला, तीव्र उतारावर चर खोदायचेच नाहीत, तिथे पाणी मुरवण्याऐवजी वळवून बाजूला काढायचं. माळीण 30 जुलै 2014 ला दरडीखाली गेलं आणि इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री, ही दोन्ही नावं त्यांनी घेतली तेव्हा सगळे गप्प झाले. मग घराच्या वरच्या उतारावर चढून जमिनीला नवी भेग पडलीय का, सरळ झाड किंवा खांब कललाय का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येतंय का, दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागल्यात का, हे कसं बघायचं ते प्रत्यक्ष फिरवून दाखवलं. यातलं काही दिसलं तर तलाठ्याला आणि तहसील कार्यालयात कळवायचं, आणि त्या रात्री तिथे झोपायचं नाही. घराची काळजी म्हणजे रंग आणि फरशी असं समजणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, पावसाआधी एकदा घराच्या वरच्या उतारावर चढून या.

शाकारणीचा भाग लहान होता पण उपयोगाचा. कौलं उतरवताना आणि लावताना कोणत्या बाजूने सुरुवात करायची, आढ्यावरची कौलं का निसटतात, वासा पोकळ झालाय हे ठोकून आवाजावरून कसं ओळखायचं. मावशींच्या पुतण्याने एका पाख्याची फुटकी कौलं बदलून दाखवली. ज्यांना वर चढायची सवय नाही त्यांनी चढू नये, मजूर लावावा, हे त्यांनीच सांगितलं.

विजेबद्दल दोन गोष्टी. आकाशातली: गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा गाडीत. आंब्या-जांभळाखाली उभं राहायचं नाही, तारेच्या कुंपणाला टेकायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या हवामानसंस्थेचं दामिनी ॲप सगळ्यांच्या फोनवर तिथेच घेऊन दिलं. खांबावरची: पाण्याच्या मोटारीच्या पेटीला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग दरवर्षी तपासा. रानडुकरांसाठी कुंपणात घरची लाईट सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. झटका मशीन घ्यायचं तर सोलरचं घ्या आणि तारेला गवत लागू देऊ नका, गवत लागलं की झटका जमिनीत उतरतो. बिबट्या गावात दिसला तर वनखात्याचा 1926.

वणव्याचा तास मेमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी) काढायची ती दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं तेव्हा. तरी एक गोष्ट आमच्या भागासाठी महत्त्वाची कळली: भाताच्या रोपासाठी राब भाजताना, म्हणजे पालापाचोळा पसरून जमीन भाजताना, वारा फिरला तर आग शेजारच्या वाडीत येते. त्यामुळे राब कधी भाजणार हे पाड्यावरच्या लोकांना आधी विचारून ठेवायचं आणि त्या दिवशी पाण्याचे पिंप आणि हिरव्या डहाळ्या तयार ठेवायच्या. शेजाऱ्याशी बोलणं असलं की पुढचं सोपं जातं.

आता जे पटलं नाही ते.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ दोरावरून उतरण्यात गेली. तरुण मंडळी खूश झाली. शिकवणारा मुलगा काळजीपूर्वक शिकवत होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण वाडी राखणाऱ्या माणसाला हरिहर किल्ल्याच्या कड्यावरून उतरायचं नसतं. त्याला वादळात ताडपत्री बांधायची असते, गाय बांधायची असते, आणि ओल्या हाताने सुटेल अशी गाठ हवी असते. निरगाठ मारून बसलं तर पुरात जनावर सोडवता येत नाही. त्या वेळात अशा गाठी शिकवल्या असत्या तर पन्नाशीच्या पुढच्या आम्हा सगळ्यांचं भलं झालं असतं. चकमकीने सावरीच्या कापसावर ठिणगी पाडायचंही तसंच. बघायला सुंदर, पण घरासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात काडेपेटी आणि माळ्यावर कोरडं सरपण पुरतं, असं मावशी म्हणाल्या ते खरं.

रानभाज्यांचा फेरफटका मेअखेर ठेवला होता. कवळा, कुरडू, टाकळा कुठे उगवेल त्या जागा दाखवल्या, भाजी मात्र जमिनीत. हा फेरफटका आषाढात वेगळा ठेवावा. मावशींना शेवळं कशाबरोबर शिजवली की घसा खाजत नाही, कुठला कंद राखेच्या पाण्यात उकळल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, कळलावीचा कंद कसा दिसतो आणि त्याला हात का लावायचा नाही, हे सगळं ठाऊक आहे. त्यांना बोलायला जेमतेम पाऊण तास मिळाला. एवढं ज्ञान असलेल्या बाईला शिबिरात स्वयंपाकाच्या बाजूला ठेवू नये. पुढच्या वेळी निम्मा वेळ त्यांचा असावा, आणि मानधनही निम्मं असावं.

संडास एकच, माणसं वीसच्या आसपास. बायकांसाठी आडोशाची वेगळी सोय हवी. छापील कागद कोणताही देत नाहीत, सगळं आपण वहीत लिहायचं. एका पानावर 108, 112, 1926, विहिरीचं सूत्र आणि दंशाच्या वेळी काय करायचं, एवढं छापून दिलं तर माणूस ते घरी भिंतीला लावेल. मी मजकूर लिहून द्यायला तयार आहे, तसं त्यांना सांगितलंही आहे.

जायचं असेल तर नाशिकहून त्र्यंबकपर्यंत एसटी किंवा सिटीलिंकची बस, पुढे स्वतःची गाडी किंवा जीप. गमबूट, बॅटरी, टोपी, जाड चादर, वही न्या. वाडीवर रेंज नाही, घरी आधी सांगून निघा. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी दुसऱ्या सकाळची चढण खालच्या बांधापर्यंतच करावी, कुणी जबरदस्ती करत नाही.

शेवटची गोष्ट फीची. वाडीवर आपण शनिवार-रविवार असतो. रात्री-अपरात्री, पावसात, सापाच्या आणि पुराच्या तोंडाशी असतं ते राखणदाराचं कुटुंब. शिबिरवाले राखणदाराला निम्मी फी घेतात. माझ्या मते ती मालकाने भरावी आणि नवरा-बायको दोघांना पाठवावं, कारण दिवसभर विहिरीवर आणि चुलीपाशी ती बाई असते. आमच्या राखणदाराची बायको पुढच्या शिबिराला जाते आहे. तिची दोन्ही पोरं ते दोन दिवस माझ्याकडे नाशिकला राहतील, असं आमचं ठरलंय.